ग्लास जरा उजवीकडे

ग्लास त्याने अगदी जरासाच सरकवला होता. बोटभर म्हणा, फार तर दोन बोटं. टेबलावर सकाळचं ऊन आलं होतं, लेक पावाला लोणी लावत ऑफिसातली काहीतरी गंमत सांगत होती, बायको आत कुठल्याशा डब्याचं झाकण शोधत होती. वर्तमानपत्राची घडी बदलायच्या निमित्ताने, कुणाच्या लक्षात येऊ नये अशा बेताने, त्याने पाण्याचा ग्लास लेकीच्या उजव्या हाताला थोडा बाहेर नेऊन ठेवला. मध्यंतरी एकदा तिथे ठेवलेला ग्लास तिला दिसला होता. आज ती चाकू ठेवायला गेली, मनगट ग्लासला लागलं, ग्लास आडवा झाला आणि पाणी उन्हातून चमकत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं. त्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की म्हणजे दिसायचं एवढं कमी झालं. दुसरा विचार यायच्या आत लेकीने मान वळवली. सांडलेल्या पाण्याकडे तिने पाहिलंच नाही. मान पूर्ण वळवून तिने त्याच्याकडे पाहिलं, कारण बाजूचं काही पाहायचं तर तिला आता तसंच पाहावं लागतं.

"बाबा, तू मला कधी बघतच नाहीस," ती म्हणाली. "नुसता तपासतोस."

रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागाला उत्तर देता येतं, निदान चढ्या आवाजात काही बोलता तरी येतं. पण मीठ कमी आहे म्हणावं तशा सुरात तिने सांगितलं, आणि त्याच सुरात पुढे हेही सांगून टाकलं, की ऑफिसजवळ मैत्रिणीबरोबर एक खोली बघितली आहे, महिनाअखेरीला तिकडे राहायला जायचं ठरलं आहे. तिची आई आतून फडकं घेऊन आली आणि टेबल पुसायला लागली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, म्हणजे तिला आधीच ठाऊक होतं. घरात सगळ्यात कडेला बसून ज्याला सगळ्यात कमी दिसतं तो माणूस आपणच आहोत, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं. वर्तमानपत्राचा खालचा कोपरा भिजला होता. तो बराच वेळ तोच कोपरा निथळवत बसला.

तो चष्म्याच्या दुकानात नंबर काढतो. उभं आयुष्य त्याने तेच केलं आहे. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत एक उंच खुर्ची आहे, समोरच्या भिंतीवर उजळलेला अक्षरांचा तक्ता आहे, आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर चढवायची ती जड फ्रेम, जिच्यात काचा घालायच्या, काढायच्या, फिरवायच्या. आता बरं, की आधी बरं? हे वाक्य तो झोपेतही म्हणतो असं बायकोचं म्हणणं आहे, आणि बायको वाचनालयात कामाला असल्याने तिचा कान शांततेला सरावलेला आहे, तेव्हा ते खरंच असणार. आणि याच माणसाच्या लेकीच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. कडेकडेने दिसायचं कमी होत जातं, आधी संध्याकाळचं, मग बाजूचं. मधलं मात्र टिकून राहतं, कितीतरी वर्षं टिकतं. किती, ते कुणीच सांगत नाही. चष्म्याने यात काही होत नाही. आज तिला समोरच्याचा चेहरा लख्ख दिसतो. बापाचाही दिसतो. पुढे दिसेल, न दिसेल. आणि जी वर्षं तिला तो दिसणार होता, ती वर्षं लेक आता दुसऱ्याच घरात काढणार होती, आणि यात ग्लासचा काही दोष नव्हता.

त्या दिवशी दुपारी खुर्चीत एक म्हातारी बाई बसली होती. त्याने काच बदलली, विचारलं, आता बरं की आधी बरं. ती म्हणाली, "दोन्ही सारखंच वाटतंय हो." आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडू नव्हे. घसा दाटला नव्हता, छाती भरून आली नव्हती, मनात त्या घटकेला काहीही नव्हतं. गळकी तोटी वाहावी तसं ते आपलं वाहत होतं. त्याने रुमाल लावला, पुन्हा काच बदलली, आणि म्हातारीच त्याला म्हणाली की डोळे दाखवून घ्या हो कुणाला तरी. मग हे रोजचंच होऊन बसलं. दुपार झाली, अंधाऱ्या खोलीत तक्ता उजळला, की पाणी सुरू. दुकानात काचा घासून फ्रेमला बसवणारा एक खट्याळ गृहस्थ आहे, तो म्हणाला, नंबर वाढला म्हणून गिऱ्हाइकं रडलेली पाहिलीत, नंबर काढणारा पहिल्यांदाच बघतोय. त्यालाही हसू आलं. हसतानाही पाणी येत होतं.

आता डोळ्यांतून पाणी आलं तर दुसरा कुणी निदान क्षणभर तरी विचार करेल, की आपल्याला काही दुःख झालंय का. पण हा पडला डोळ्यांच्या धंद्यातला माणूस. त्याने आधी काचा घासायच्या यंत्राच्या धुळीला दोष दिला. मग एसीच्या हवेला. मग कोरडेपणाला, कारण डोळा कोरडा पडला की उलट पाणी जास्त येतं, हे तो गिऱ्हाइकांना नेहमी समजावून सांगत असे, ते स्वतःलाही समजावून सांगितलं. थेंब घातले, बदलून दुसरे घातले, गरम पाण्याच्या घड्या ठेवून झाल्या. लेक घरात खोकी भरत होती आणि तो आरशासमोर खालची पापणी ओढून आतली लाली बघत होता. शेवटी ठरलं की नळी तुंबली असणार. डोळ्यातलं पाणी नाकात उतरायची जी बारीक नळी असते ती. मग तो ओळखीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेला. लेकीचा, मनीचा, आजारही त्यांनीच सांगितला होता. त्यांनी नळीच्या तोंडाशी बारीक सुईने खारं पाणी सोडलं आणि विचारलं, घशात खारट लागलं का? लागलं. दुसरीकडून सोडलं. तिथूनही लागलं. डॉक्टरांनी हातमोजे काढले, हात धुतले, आणि त्याच्याकडे न बघता म्हणाले, "नळ्या मोकळ्या आहेत. हे पाणी डोळ्यांचं नाही." मग एका चिठ्ठीवर समुपदेशक बाईंचं नाव लिहून दिलं. तो ती चिठ्ठी उलटसुलट करून बघत राहिला, पाठीमागे थेंबांचं नाव असेल अशा आशेने.

बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, जा. एवढंच. आजार कळला त्या वर्षी ती घरभर रडली होती, वाचनालयाच्या पुस्तकांच्या कपाटांमागे उभी राहून रडली होती, भाजी चिरताना कांदा नसतानाही रडली होती, आणि एक दिवस उठून आंघोळ करून तिने केस कापून घेतले आणि मनीबरोबर फिरायला जायला लागली. तो त्या काळात अजिबात डगमगला नव्हता. सगळे नातेवाईक म्हणत, बघा, किती खंबीर आहे. मोठे मेव्हणे तर पाठ थोपटून गेले होते. ती थाप त्याला अजूनही डाव्या खांद्याखाली कुठेतरी लागते, विशेषतः थंडीत.

समुपदेशक बाईंकडे जाताना त्याने इस्त्रीचा शर्ट घातला आणि पिशवीत मनीच्या तपासण्यांचे सगळे कागद घेतले. तक्ता असेल, असं त्याला वाटत होतं. अक्षरांचा नाही, पण कसला तरी असेल. आधी मोठं दाखवतील, मग बारीक, मग सांगतील की अमुक ओळीपर्यंत ठीक आहे, पुढे नाही, आणि शेवटी एक नंबर निघेल. नंबर निघाला की काच सापडते. पण ती खोली तपासणीची वाटतच नव्हती. ते पूर्वी कुणाचं तरी राहतं घर होतं, आणि ज्या खोलीत बाईंनी त्याला बसवलं ते तर चक्क स्वयंपाकघर असावं. एका भिंतीवर छातीएवढ्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरश्या तशाच ठेवल्या होत्या, आणि त्या फरश्यांमधून एक नळ बाहेर आला होता, वरची चावी नसलेला, खाली मोरी नसलेला, नुसता भिंतीतून निघून हवेत थांबलेला. खिडकीला पातळ पडदा होता, त्यातून उजेड दुधासारखा येत होता. खुर्च्या दोन होत्या आणि सारख्याच होत्या, त्यामुळे कुठली आपली ते त्याला कळेना. बाई म्हणाल्या, कुठेही बसा. उंच खुर्चीवर दुसऱ्याला बसवण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला बसायला इतका वेळ कधी लागला नव्हता.

बाई त्याच्यापेक्षा वयाने लहान होत्या, बोलणं सावकाश होतं. त्यांनी सांगितलं, की इथे बोललेलं इथेच राहतं, कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं तरच ते बाहेर जाईल, आणि तेही तुम्हाला सांगून. परीक्षा नाही, बरोबर उत्तर नाही. सुरुवातीला हलकं वाटायच्या ऐवजी जडच वाटेल कदाचित, तसं झालं तर मला सांगा. काही सांगायचं नसेल तर नका सांगू. हे सगळं तो मान हलवत ऐकत होता, पण त्याचं अर्धं लक्ष दुसरीकडे होतं, कारण बाईंचा चष्मा वाकडा होता. डावी काडी बाहेर फाकली होती, त्यामुळे सगळी फ्रेम उजव्या गालावर उतरली होती. एका हाताने चष्मा काढायची सवय, त्याशिवाय असं होत नाही. बाईंनी विचारलं, इथून तुम्हाला काय मिळावं असं वाटतं? तो म्हणाला, डोळ्यांचं पाणी थांबावं. त्या पुढचं ऐकायला थांबल्या, आणि त्याला वाटायला लागलं की भिंतीतला तो नळ हळूहळू जवळ येतो आहे, भिंगातून एखादी वस्तू यावी तसा, कडा विरघळलेल्या आणि मधला भाग मोठा होत चाललेला. ह्याच जागी कुणीतरी पातेलं भरलं असेल. कुणाचा तरी बाप चहाचा कप विसळत उभा असेल आणि मागे पोरं भांडत असतील. त्याने पिशवीतले कागद काढून पुढे केले. बाईंनी ते घेतले, वाचले नाहीत, बाजूच्या स्टुलावर ठेवले आणि म्हणाल्या, "हे तिचे आहेत. तुमचं सांगा."

आपलं काय सांगायचं? त्याने मनीचंच सांगितलं. मनी हे तिचं खरं नाव नव्हे, लाडाचं. लहानपणी ती संध्याकाळची घरात हळूहळू चालायची, भिंतीला एक हात लावून, पाऊल आधी टेकून बघून मग त्यावर भार द्यायची, आवाज म्हणून व्हायचा नाही. दिवे लावायच्या आधीची ती वेळ, खोल्या निळसर व्हायच्या, आणि दाराच्या चौकटीतून ती अशी यायची की मांजरच आलं वाटावं. मनीमाऊ आली, असं कुणीतरी म्हणालं आणि तेच नाव पडलं. पाहुण्यांना ती चालून दाखवायची. सगळे हसायचे, तीही हसायची, आणि मुद्दाम आणखी हळू चालायची. अंधार पडला की तिला दिसत नाही, म्हणून ती अशी चालते, हे कुणालाच सुचलं नाही. बोलता बोलता तो त्या निळसर खोलीत गेला. जमिनीचा गार स्पर्श, कोपऱ्यातली शिलाईची मशीन, आणि ती येते आहे, येते आहे, तळहात भिंतीवरून सरकतो आहे, आणि तो खुर्चीत बसून टाळ्या वाजवतो आहे.

"मनी नाव कुणी ठेवलं?" बाईंनी विचारलं.

"मी."

मग तो वाट बघत बसला. आता त्या म्हणणार, तुमचा यात काही दोष नाही. सगळेच म्हणतात. डॉक्टर म्हणाले होते, मेव्हणे म्हणाले होते, आणि दर वेळी ते ऐकलं की आतली एक कडी खट्ट करून लागायची आणि तो चहा घेणार का म्हणून विचारायचा. बाई काहीच म्हणाल्या नाहीत. त्यामुळे कडी लागली नाही, आणि ते दार तसंच उघडं घेऊन त्याला घरी यावं लागलं.

जडच वाटलं. बाई म्हणाल्या होत्या त्याप्रमाणे, पण बाई म्हणाल्या होत्या म्हणून ते काही कमी झालं नाही. रस्त्याने जाताना त्याला माणसांऐवजी चष्मे दिसत. बसच्या रांगेत उभे असलेले चष्मे, भाजी निवडणारे चष्मे, कपाळावर चढवून विसरलेले चष्मे, आणि त्यामागे चेहरे असावेत असा नुसता अंदाज. एका दुकानाच्या काचेत त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसलं आणि तो अनोळखी माणसाला वाट द्यावी तसा बाजूला झाला. घरी मनीच्या खोलीतली पुस्तकं खोक्यांत गेली होती आणि भिंतींवर चौकोनी फिकट डाग राहिले होते. तो तिला मदत करायचा, म्हणजे खोक्यांना चिकटपट्टी लावायचा, आणि पट्टी लावता लावता कात्री कुठे ठेवली हे तिला दिसतंय का ते बघायचा. मग आपण बघतोय हे त्याच्या लक्षात यायचं. मग ते तिच्याही लक्षात आलंय हे लक्षात यायचं. कात्री तिच्याकडे सरकवावी की तशीच राहू द्यावी, एवढ्या गोष्टीचा निकाल त्याला लावता येत नव्हता, आणि तो चिकटपट्टीचं रीळ हातात धरून उभा राहायचा.

पुढच्या खेपेला त्याने बसल्या बसल्या बाईंना सांगून टाकलं, की तुमची डावी काडी फाकलेली आहे, तुम्ही एका हाताने चष्मा काढता, द्या इकडे, दोन मिनिटांचं काम आहे. बाई हसल्या. खरंच एका हातानेच काढत होत्या. पण त्यांनी चष्मा काही दिला नाही. उलट विचारलं, की तो असाच वाकडा राहिला, तर तुम्हाला काय होईल? हा काय प्रश्न झाला, असं त्याला वाटलं. काय होईल? काही होणार नाही. कानामागे दुखेल, ते तुमच्या, माझ्या नव्हे. पण बाई वाट बघत होत्या, आणि चष्मा वाकडाच होता, आणि त्याला खुर्चीत नीट बसता येईना. हात मांडीवर ठेवले तरी बोटं आपोआप काडी वाकवायच्या बेतात येत होती.

"वाकडं दिसलं की सरळ करावंसं वाटतं," तो अखेर म्हणाला. "आणि सरळ होणारच नसेल, तर..."

"तर?"

"तर निदान मोजावंसं वाटतं."

हे आपणच बोललो याचं त्याला आश्चर्य वाटलं. इतकं सोपं वाक्य, पण ते कुठून आलं ते कळेना. त्याला मनीचे टेबलावरचे हात दिसले, चमचा, वाटी, दाराशी काढून ठेवलेल्या चपला ज्या तो थोड्या बाजूला सरकवून ठेवत असे, दिव्याचं बटण, उशाशी ठेवलेलं पुस्तक. सगळं घर त्याने तक्ता करून टाकलं होतं. आणि ती त्या तक्त्यात राहत होती, जेवत होती, हसत होती, रोज सकाळी उठून उत्तरं देत होती. मग त्याच्याही नकळत तो पुटपुटला, की मग तिने जावं हेच बरं. बाई म्हणाल्या, तसं वाटतं तुम्हाला? नाही, तो म्हणाला. अजिबात नाही. मला ती घरात हवी आहे. असं त्याने घरात कुणाला सांगितलं नव्हतं. त्याला वाटत होतं की ते सगळ्यांना ठाऊकच असेल.

मनी जायच्या आधीच्या खेपेला बाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितलं. मनाविरुद्ध असेल तर नका मिटू, असंही म्हणाल्या. त्याने मिटले. "मुलीचं वर्णन करा," बाई म्हणाल्या, "मी तिला कधी पाहिलेलं नाही." यात काय अवघड, असं म्हणून त्याने सुरुवात केली, आणि मिटल्या पापण्यांमागे एक गोल उगवला. नारिंगी, मावळत्या सूर्यासारखा, एका बाजूला पिवळट टिकली, तिच्यातून फुटलेल्या बारीक लाल रेषा, आणि कडेकडेने काजळ सांडावं तसे काळे कण. मनीच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो. तो त्याला इतका पाठ होता की कागद दिला असता तर काढून दाखवला असता, कुठला कण कुठे, उजव्यातला कुठला, डाव्यातला कुठला. तो गोल बाजूला सरेना. त्याने तो सारायचा प्रयत्न केला, त्यामागे तिचा चेहरा असणार, असायलाच हवा. नाक. नाक कसं आहे? बायकोसारखं की त्याच्या आईसारखं? भांग ती कुठून पाडते? गालावर काहीतरी आहे, तीळ की लहानपणी पडल्याची खूण, उजव्या की डाव्या? खिडकीतला दुधी उजेड पापण्यांमधून आत येत होता आणि तो नारिंगी गोल त्यात तरंगत होता, सुंदर होता, आणि त्याला चेहरा नव्हता.

"मला येत नाही," तो म्हणाला. "मला तिचा चेहरा आठवत नाही."

मग तो रडला. या खेपेला ते पाणी नव्हतं, रडणंच होतं, घशातून येणारं, नाक वाहणारं, लाज वाटावी असं, खांदे हलवणारं, मेव्हण्यांनी थोपटलेल्या जागेवरून निघालेलं. लहानपणी माणूस रडतो तेव्हा त्याला आपला आवाज ऐकू येत नाही, त्यालाही आला नाही. बाईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला, फार नाही, हाताला येईल एवढाच. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. नळ भिंतीत होता तिथेच होता. बाईंचा चष्मा अजून वाकडा होता, आणि आपल्याला ते आता नुसतं दिसतं आहे, हे त्याला थोड्या वेळाने उमगलं. वेळ संपली तेव्हा त्याने विचारलं, की मग मी आता काय करू? बाईंनी काही उपाय सांगितला नाही. म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात या. पूर्वी त्याला या उत्तराचा राग आला असता.

मनी ठरल्याप्रमाणे गेली. गोष्टीत असतं तसं शेवटच्या घटकेला काही फिरलं नाही. टेम्पो आला, खोकी चढली, मैत्रीण पुढे बसली, बायको कुंडी मांडीवर घेऊन मागे बसली, आणि तो फाटकाशी उभा राहिला. त्याला तिला सांगायचं होतं की तुझा चेहरा मला आठवेना, आणि हे सांगायची ती वेळ नव्हती हे त्यालाही कळत होतं. तो म्हणाला, फोन कर. ती म्हणाली, तू कर. त्याने केला, पण फोनवर तिचा आवाज यायचा, चेहरा यायचा नाही. दुकानात दुपारचं पाणी आता रोज येत नव्हतं. यायचं तेव्हा तो थेंबांची बाटली काढत नसे, गिऱ्हाइकाला म्हणे, जरा थांबा हं, आणि खोलीबाहेर जाऊन येई. एकदा काचा घासणाऱ्या गृहस्थाने नुसताच स्टूल पुढे सरकवला.

मग एका सुटीच्या दुपारी मनीने बोलावलं. मैत्रीण गावी गेली होती, आई वाचनालयातल्या कुठल्याशा कार्यक्रमात अडकली होती, म्हणून तो एकटाच गेला. जिना अरुंद होता, वळणावर दिवा नव्हता, हे त्याने पाहिलं. पायरीची एक कड तुटली होती, तेही पाहिलं. खोलीच्या दारात पायपुसणं दुमडलेलं होतं. त्याच्या पिशवीत भरपूर उजेडाचा एक दिवा होता, घरून निघताना गुपचूप घेतलेला, आणि तो पिशवीतच राहिला. निदान अजून काही वेळ तरी राहू दे, असं त्याने ठरवलं. मनीने चहा केला. दोघं छोट्या टेबलाशी समोरासमोर बसली, मध्ये बिस्किटांची बशी, पाण्याचे ग्लास, खिडकीतून कोपऱ्यापर्यंत येऊन थांबलेलं ऊन. ती ऑफिसातलं सांगायला लागली. तिथल्या साहेबांना प्रत्येक वाक्याच्या शेवटी आपण काय म्हणालो ते पुन्हा सांगायची सवय होती, आणि ती त्यांची नक्कल करत होती. नक्कल करताना तिच्या भुवया वर जात. डावी जास्त जात होती.

ते त्याने पाहिलं आणि बघतच राहिला. नाक त्याच्या आईचं होतं. हे इतकी वर्षं कुणी कसं सांगितलं नव्हतं? की सांगितलं होतं, आणि तोच ऐकत नव्हता? भांग मध्ये नव्हता, जरा डावीकडे होता, आणि कपाळाशी केसांची एक बट तिच्या ताब्यात राहत नव्हती. गालावर तीळच होता, उजव्या, ओठांच्या कडेपासून थोडा वर, आणि ती हसली की तो तीळ वळीत जाऊन दिसेनासा व्हायचा आणि पुन्हा यायचा. हनुवटी बायकोची. डोळे तपकिरी. त्यांच्या मागे काय आहे ते त्याला ठाऊक होतं, पण आत्ता ते मागेच राहिलं, आणि पुढे आले ते नुसते डोळे, हसणारे, त्याच्याकडे रोखलेले, त्याला पाहणारे. आपण तिला आत्ता दिसतो आहोत, हेही त्याला त्याच क्षणी कळलं, पिकलेले केस, सैल पडलेली गळ्याची कातडी, इस्त्रीचा शर्ट, सगळं. त्याने बिस्कीट घ्यायला हात पुढे केला, आणि ग्लास आडवा झाला.

पाणी बशीखाली शिरलं, टेबलाच्या कडेपर्यंत गेलं आणि त्याच्या मांडीवर ठिबकायला लागलं. तो उठला नाही. मनीने मान वळवून ग्लासकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि दुकानातला त्याचाच सूर लावून म्हणाली, "काय हो, ग्लास दिसला नाही का?"

"नाही दिसला," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघत होतो."

तिचा तीळ गालात गेला नाही, जागच्या जागी राहिला, आणि तिने दोन्ही हातांनी उगीचच बशी उचलून धरली. मग उठली आणि फडकं शोधायला लागली. ओट्यावर पाहिलं, खुर्चीच्या पाठीवर पाहिलं, मान डावीकडे वळवली, मग थोडी उजवीकडे. फडकं दाराच्या कडीला होतं, तिला दिसत होतं त्याच्या जरासं पलीकडे. त्याला ते आल्यापासून दिसत होतं. एरवी तो गप्प बसला असता, ती आणखी किती वळते ते बघत.

"दाराच्या कडीला आहे," तो म्हणाला. "उजव्या हाताला."

तिने हात लांबवून फडकं काढलं आणि तिथूनच त्याच्या अंगावर फेकलं. म्हणाली, "मग पूस आता. तू सांडलंयस."